सुटका आणि सिझर

मराठीत बाई बाळंत झाली की जुनी माणसं म्हणायची, "सुटली गं बाई एकदाची." किंवा "सुखरूप सुटका झाली," "मोकळी झाली." या सगळ्या बोलण्यात आधी बाई आहे, बाळ नंतर. सिझर झालेल्या बाईबद्दल मात्र आपण असं बोलत नाही. "सिझर केलं" म्हणतो, नाहीतर "सिझर करावं लागलं". केलं ते डॉक्टरांनी. बाई त्या वाक्यात कुठेच नसते.

माझं सिझर ठरलेलं नव्हतं. चौदा तास कळा सोसून झाल्या आणि बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. कोणीतरी फॉर्म पुढे धरला, मी सही केली आणि अर्ध्या तासाच्या आत मुलगी रडल्याचा आवाज पडद्यापलीकडून आला. नवऱ्याने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. अभिनंदनाच्या फुलांमधून दोन-चार प्रश्नही आले. "अरेरे, नॉर्मल नाही का झालं?" "हल्ली लगेच कापतात." एका आत्यांनी लिहिलं, "असू दे, बाळ सुखरूप आहे ना, मग झालं तर."

झालं होतं, आणि नव्हतंही. मुलीकडे बघून जीव भरून यायचा आणि त्याच मिनिटाला आपल्याकडून काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटायचं. रात्री दोन-अडीचला तिला पाजताना दुसऱ्या हातात फोन असायचा. त्या रात्रींमध्ये मी या ऑपरेशनचा इतिहास वाचत गेले. आपल्याला जे झालं ते नेमकं काय आहे, हे मला माहीत करून घ्यायचं होतं.

पहिल्यांदा कळलं की नावच संशयास्पद आहे. ज्युलियस सीझर पोट चिरून जन्मला म्हणून हे सिझेरियन, असं आपण शाळेपासून ऐकतो. पण सीझरची आई ऑरेलिया त्याने चाळिशी ओलांडली तरी जिवंत होती. त्या काळात पोट चिरल्यावर आई इतकी वर्षं जगणं जवळजवळ अशक्यच. खरा धागा बहुधा 'कापणे' या अर्थाच्या लॅटिन धातूकडे जातो. शिवाय रोममध्ये एक जुना कायदा सांगितला जातो, न्यूमा पॉम्पिलियस या राजाच्या नावावरचा: गरोदर बाई मेली तर पोटातलं मूल बाहेर काढल्याशिवाय तिला पुरायचं नाही.

म्हणजे सुरुवातीला हे ऑपरेशन जिवंत बाईवर करायचं नव्हतंच. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाबद्दल तपशिलाने लिहिलं आहे. तिथेही आई अचानक मरण पावली आणि तिच्या पोटात हालचाल दिसली, तर वैद्याने वेळ न दवडता कूस चिरून मूल बाहेर काढावं, असं सांगितलं आहे. दोन वेगळ्या संस्कृती, पण हिशोब तोच. आई गेलेली आहे, निदान मूल तरी वाचवा.

याला छेद देणारी एक गोष्ट मला सापडली ती इराणची. फिरदौसीने सुमारे १०१० साली पूर्ण केलेल्या शाहनाम्यात रुस्तमच्या जन्माची कथा आहे. त्याची आई रुदाबा. मूल इतकं मोठं की बाळंतपण अडलं. तेव्हा सीमुर्ग हा अद्भुत पक्षी येतो आणि रुस्तमच्या बापाला, झालला, काय करायचं ते सांगतो. आधी रुदाबाला मद्य पाजून गुंगवा, मग कूस चिरून मूल काढा, मग जखम शिवा आणि एक वनस्पती दूध-कस्तुरीत वाटून तिचा लेप लावा. रुदाबा एक दिवस आणि एक रात्र झोपते, जागी होते, मुलाला बघते आणि म्हणते की मी सुटले. फारसीतला तो 'सुटले' शब्द 'रुस्तम'सारखा ऐकू येतो आणि कथेप्रमाणे मुलाचं नाव त्यावरून पडतं.

मी हे वाचलं तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले असतील. सीझरच्या नावात कापणं आहे. रुस्तमच्या नावात आईची सुटका आहे, अगदी आपल्या मराठी शब्दासारखी. दंतकथा आहे, मान्य. पण भूल, टाके, मलमपट्टी, झोप, जाग आणि आईचं स्वतःचं वाक्य, एवढं सगळं त्या दंतकथेत आहे. पुढच्या कित्येक शतकांच्या वैद्यकीय नोंदींत यातलं फार थोडं सापडतं.

त्या नोंदी तशा विचित्रच आहेत. स्वित्झर्लंडमध्ये साधारण १५०० साली याकोब नुफर नावाच्या, डुकरांची नसबंदी करणाऱ्या माणसाने अडलेल्या बायकोचं पोट स्वतः चिरलं आणि ती वाचली, अशी कथा आहे. पण ती कागदावर आली ऐंशीएक वर्षांनी, त्यामुळे इतिहासकार तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. फ्रान्सचा नामवंत शल्यवैद्य आंब्रुआज पारे याने तर जिवंत बाईवर हे ऑपरेशन करूच नये असं मत दिलं होतं. त्याची भीती खरी होती. १७८७ ते १८७६ या काळात पॅरिस शहरात सिझेरियन झालेली एकही बाई वाचली नाही, असं सांगितलं जातं. १८६५ च्या सुमाराला ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये शंभरातल्या पंच्याऐंशी बायका मरत होत्या.

आपल्या जुन्या सिनेमांत डॉक्टर ऑपरेशन थिएटरबाहेर येऊन विचारतात, "आई किंवा बाळ, एकालाच वाचवता येईल, बोला." आपण हसतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांपुढे हा प्रश्न खरोखर होता. आई वाचवायची तर अडलेल्या मुलाचं डोकं पोटातच फोडून ते तुकड्यांनी बाहेर काढायचं. त्यासाठीची खास हत्यारं असत. मूल वाचवायचं तर पोट चिरायचं आणि आई बहुतेक जाणार हे धरून चालायचं. दोन्ही जगतील अशी वाटच नव्हती.

बायका मरायच्या त्या मुख्यतः रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने. यातली रक्तस्रावाची गोष्ट वाचून मी थक्क झाले. चिरलेलं गर्भाशय डॉक्टर शिवतच नसत. समज असा होता की गर्भाशय आपोआप आकसतं, त्याला टाक्यांची गरज नाही. शिवाय आत घातलेले टाके नंतर काढणार कसे? मग पोट वरून बंद करायचं आणि आतली जखम उघडी ठेवायची. १८४७ साली एडिंबरात जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात भुलीचा वापर सुरू केला. त्यामुळे वेदना कमी झाल्या, मरण मात्र तिथेच राहिलं.

अपवादही युरोपबाहेरच ठळक दिसतात. १८२६ साली केपटाऊनमध्ये ब्रिटिश लष्करी डॉक्टर जेम्स बॅरी यांनी सिझेरियन केलं आणि आई-मूल दोघंही जगली. १८६५ मध्ये बॅरी वारले तेव्हा त्यांच्या शरीराला स्नान घालणाऱ्या बाईने सांगितलं की हे शरीर बाईचं आहे. जन्माचं नाव मार्गारेट बल्कली. मुलींना वैद्यकीय शिक्षण मिळत नव्हतं त्या काळात पुरुष म्हणून शिकलेली आणि आयुष्यभर तसंच जगलेली व्यक्ती.

दुसरा अपवाद १८७९ चा, आजच्या युगांडातला. रॉबर्ट फेल्किन नावाच्या इंग्रज प्रवाशाने कहूरा इथे स्थानिक वैद्याला सिझेरियन करताना पाहिलं आणि १८८४ मध्ये त्याची हकिगत छापली. बाईला केळ्याची दारू पाजून अर्धवट गुंगीत ठेवलं होतं. त्याच दारूने वैद्याने आपले हात आणि तिचं पोट धुतलं. चिरल्यावर रक्तस्राव थांबवायला तापलेल्या लोखंडाचे चटके दिले, गर्भाशय आकसावं म्हणून ते चोळलं, पोटाची जखम लोखंडी सुयांनी जोडली आणि मुळांचा लेप लावला. बाई बरी झाली. हात धुवायचे की नाही यावर युरोपातल्या मोठमोठ्या इस्पितळांत वाद चालू होता, त्या काळातली ही गोष्ट.

युरोपात कोंडी फुटली ती दोन पायऱ्यांनी. १८७६ साली इटलीतल्या पाव्हिया शहरात एदुआर्दो पोरो यांच्याकडे जुलिया कावालिनी नावाची पंचवीस वर्षांची गरोदर बाई आली. मुडदुसामुळे तिचं कंबरेचं हाड इतकं वाकडं होतं की मूल बाहेर येणं शक्यच नव्हतं. पोरोंनी मूल काढलं आणि रक्तस्राव थांबवायला तिचं गर्भाशयच कापून टाकलं. ती जगली, तिची मुलगीही जगली. मोबदल्यात गर्भाशय गेलं.

दुसरी पायरी सहा वर्षांनी. १८८२ मध्ये लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी मांडलं की गर्भाशय शिवायलाच हवं. चांदीची तार आणि रेशीम वापरून, थराला थर जुळवून. इतकी साधी गोष्ट. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने उतरलं आणि गर्भाशयही राहिलं.

पण त्या चांदीच्या तारेलाही मागचा हिशोब आहे. शल्यक्रियेत ती रूढ केली अमेरिकेतल्या मॅरियन सिम्स या डॉक्टरने. १८४० च्या दशकात अलाबामा राज्यात त्याने बाळंतपणात इजा झालेल्या गुलाम बायकांवर भूल न देता पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया केल्या. त्यातल्या तिघींची नावं राहिली आहेत: अनार्का, ल्युसी आणि बेट्सी. एकट्या अनार्कावर तीसएक शस्त्रक्रिया झाल्या. नकार द्यायचा हक्क त्यांना नव्हता. हे वाचल्यावर मी माझ्या त्या सहीकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. घाईत केलेली, नीट न वाचलेली सही, पण निदान माझी मला विचारून घेतलेली.

आता ग्लासगोकडे. १८८८ च्या एप्रिलमध्ये तिथे मर्डॉक कॅमरन यांनी कॅथरिन कोलहून या बाईचं सिझेरियन केलं आणि मायलेकरं दोघंही वाचली. नंतरही ग्लासगोत अशी ऑपरेशनं बरीच होत राहिली. ग्लासगोतच का? कारण तिथे मुडदूस भरपूर होता. कारखान्यांचा धूर, अंधाऱ्या कोंदट चाळी, निकृष्ट जेवण. मुलींना लहानपणी ऊन मिळत नव्हतं, हाडं वाकायची आणि वीस वर्षांनी बाळंतपण अडायचं. तेव्हाही कोणीतरी त्या बायकांना म्हणालं असेल की तुला नीट बाळंत होता येत नाही. खरं कारण मात्र शहराच्या धुराड्यांत होतं. अडलेलं बाळंतपण हा बाईच्या हिमतीचा निकाल नसतो, हे मला कोणत्याही समजुतीच्या शब्दांपेक्षा ग्लासगोने जास्त पटवलं.

तिथल्याच मन्रो कर यांनी १९२० च्या दशकात आणखी एक बदल रुजवला. तोवर गर्भाशय वरच्या जाड भागावर उभं चिरत. करांनी खालच्या पातळ भागावर आडवा छेद घ्यायची पद्धत पुढे आणली. रक्त कमी जातं, जखम नीट भरते आणि पुढच्या बाळंतपणात ती उसवण्याचा धोका बराच कमी होतो. एकदा सिझर म्हणजे कायम सिझर, हे वाक्य आपल्या घराघरात आहे. त्याचं मूळ १९१६ सालच्या न्यूयॉर्कमधल्या एडविन क्रॅगिन या डॉक्टरच्या लेखात आहे, म्हणजे जुन्या उभ्या छेदाच्या काळात. आज काही जणींना, डॉक्टरांनी नीट तपासून, पुढच्या वेळी नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करता येतो.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, 'इमर्जन्सी एलएससीएस'. त्यातली पहिली दोन अक्षरं म्हणजे गर्भाशयाचा तो खालचा भाग. आणि वरून दिसतो तो बिकिनी लाइनजवळचा आडवा छेद १९०० साली जर्मनीच्या फानेनश्टीलने सांगितलेला. वरचा छेद वेगळा, आतला वेगळा. त्वचा, चरबी, स्नायूंवरचं चिवट आवरण, पोटाचं अस्तर, गर्भाशय, इतकं उघडून पुन्हा बंद करतात. पोटाचे स्नायू बहुधा कापत नाहीत, बाजूला सारतात. हे कळल्यावर मला माझं दुखणं कळलं. खोकला आला की जीव का जातो, हसायची भीती का वाटते, कुशीवर वळायला पाच मिनिटं का लागतात. मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाला आपण महिनाभर पाण्याचा ग्लासही उचलू देत नाही. इथे त्याच रात्रीपासून तीन किलोचा जीव अंगावर घ्यायचा असतो.

कमरेतल्या इंजेक्शनचाही इतिहास आहे. १८९८ साली जर्मनीतल्या कील शहरात आउगुस्ट बीअर यांनी मणक्यातून भूल द्यायची पद्धत सुरू केली. तिचा प्रयोग त्यांनी आणि त्यांच्या मदतनीसाने एकमेकांवरच केला. मदतनीसाचे पाय खरंच बधिर झालेत का ते बघायला त्याच्या नडगीवर हातोडी मारली, पेटता चिरूट टेकवला. त्याला काही कळलं नाही. बीअरना मात्र पुढे कित्येक दिवस भयंकर डोकेदुखी झाली. आजही काही बाळंतिणींना या इंजेक्शननंतर तसाच, उठून बसलं की वाढणारा डोकेदुखीचा त्रास होतो. तो मनाचा खेळ नसतो. डॉक्टरांना सांगायचा, त्यावर उपाय आहेत.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशी आल्या. "उठ गं, चालायचंय. टाक्यांवर उशी दाबून धर, वाकू नको, घाबरू नको." बाथरूमपर्यंतची दहा पावलं मी रडत चालले. पूर्वी ऑपरेशननंतर आठवडा-दोन आठवडे पडून राहायला लावत. पायात रक्ताच्या गाठी व्हायच्या, त्यातून मरणही यायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लवकर उठवण्याची पद्धत पसरली. तोवर रक्त देण्याची सोयही सुधारली होती आणि पाठोपाठ पेनिसिलिनही आलं होतं. मावशींनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. उशी मात्र त्यांनी बरोबर जागी धरायला लावली.

या सगळ्यानंतर आपल्या आजच्या आकड्यांकडे बघावं लागतं, कारण "हल्ली लगेच कापतात" हे म्हणणं अगदीच खोटं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये भारतातली साडेआठ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती. २०१९-२१ मध्ये हा आकडा साडेएकवीस टक्क्यांवर गेला, महाराष्ट्रात पंचवीसच्या आसपास. सरकारी दवाखान्यांत सुमारे १४ टक्के आणि खासगीत सुमारे ४७. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्के हे प्रमाण पुरेसं मानलं होतं. एवढा फरक बायकांच्या शरीरात असू शकत नाही. त्यामागे पैसा आहे, वेळ आहे, सोय आहे, भीतीही आहे. याच देशात अशाही वाड्या आहेत जिथे गरज असताना सिझर मिळत नाही.

म्हणून राग यायला हवा, पण तो कोणावर हे ठरवायला हवं. ग्रुपवर प्रश्न येतात ते बाईला. ती टेबलावर आडवी असताना निर्णय दुसऱ्यांनी घेतलेला असतो. तो बरोबर होता की चूक, याचं उत्तर मात्र तिने द्यायचं असतं. मी सहाव्या आठवड्याच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना म्हटलं, त्या दिवशी काय झालं ते मला ओळीने सांगा. त्यांनी फाइल उघडली, ठोक्यांचा आलेख दाखवला, किती वाजता काय ठरलं ते सांगितलं. दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांनी जे केलं ते सहा आठवड्यांच्या "जाऊ दे ना आता"ने झालं नव्हतं. माझ्या आठवणीत नुसते दिवे आणि आवाज होते, त्यांना क्रम मिळाला.

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. स्वतःच्या बाळंतपणाबद्दल त्यांना काय वाटत होतं हे मी सांगू शकत नाही. पण ज्या विषयात त्यांना सर्वांत मोठं दुःख मिळालं, तोच त्यांनी अभ्यासाला घेतला. समजून घेणं हाही सोसण्याचा एक मार्ग असतो, एवढं त्यातून मी घेतलं.

माझी आजी नव्वदीची आहे. तिच्या थोरल्या जाऊबाई घरीच बाळंतपणात अडून गेल्या, दोन दिवस कळा देऊन, मूल पोटातच. आजी मला बघायला आली तेव्हा नॉर्मल की सिझर हे तिने विचारलं नाही. डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला, माझ्या पोटावरून अलगद हात फिरवला आणि म्हणाली, "सुटलीस बाई."

तुमच्या बहिणीचं, मैत्रिणीचं, वहिनीचं अचानक सिझर झालं, तर बाळाचा फोटो मागायच्या आधी तिला विचारा, टाके दुखतायत का, झोप मिळतेय का. ती त्या दिवसाबद्दल बोलायला लागली तर मधे "पण बाळ सुखरूप आहे ना" म्हणून तिला थांबवू नका, ते तिला माहीत असतं. रडू, धास्ती, बाळाकडे बघावंसंच न वाटणं हे दोन आठवड्यांनंतरही ओसरलं नाही, तर तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, तिथे कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं. आणि तुम्हीच ती बाई असाल, तर पुढच्या तपासणीला फाइल घेऊन बसा आणि काय झालं ते ओळीने विचारा.